पाव मिलिमीटर

उद्यमबागेत, तिसऱ्या गल्लीच्या टोकाला,
जिथं फौंड्रीची काळी वाळू गटारापर्यंत सांडलेली असते,
तिथं पत्र्याच्या खोलीत मी पट्ट्या वाकवते.
म्हणजे वाकवत नाही. वाकायची वाट बघते.

तापतं तेल. तेलात बोटाएवढी पट्टी,
दोन टेकूंवर आडवी, मधोमध वजन.
दर मिनिटाला दोन अंश.
डायलचा काटा पाव मिलिमीटर सरकला
की आकडा लिहायचा, खाली सही: सु. य. कंग्राळकर.
पाव मिलिमीटर म्हणजे किती गं, आईनं विचारलेलं.
पोस्टकार्डाची जाडी.
'तेवढ्यानं कुणाचं काय बिघडतंय की?'

कोरं मिश्रण बासष्टलाच खांदे पाडतं.
नायलॉन पाणी पिणारं, पॉलिप्रॉपिलीन पाण्याला पाठ करणारं;
नुसतं वितळवून एकत्र ओतलं
तर कांद्यासारखे पापुद्रे सुटतात.
तिसरं काहीतरी चिमूटभर लागतं, दोघांचे हात धरणारं.
त्याचं नाव इतकं लांब
की शिवानंद हुक्केरी त्याला नुसतं चिक्कम्मा म्हणतो.
'चिक्कम्मा घातलीस काय?' रोज सकाळी.
कॉलेजातून आलेले एक सर हे ऐकून फुलले,
म्हणाले, ही तर तुमच्या सीमाभागाचीच गोष्ट.
मी म्हटलं, नाही सर, हा नायलॉन आहे.

शंखजिऱ्याची पूड वीस टक्के: पंच्याहत्तर अंश.
ताठ होतं, खरं पडलं की तुटतं.
काचेचे तंतू तीस टक्के:
मग मात्र एकशे ऐंशीपर्यंत काटा हलत नाही,
आणि मी मधल्या वेळात डबा खाऊन येते.
तंतू दिसत नाहीत. मनगटात शिरतात,
संध्याकाळी साबण लावला की कळतात.

परवा गिऱ्हाइकाच्या मालाची पट्टी
एकशे एक्कावन्नला वाकली.
दुसरी एकशे एकोणपन्नासला.
शिवानंद म्हणाला, दाणे ओले असतील, रात्री लाईट गेलेली, ओव्हन थंड पडलेलं.
वाळवले. चार तास. पुन्हा एक्कावन्न.

मग मी तुकडा मुशीत घालून भट्टीत ठेवला.
जळायचं ते सगळं जळून जातं:
नायलॉन, रंग, चिक्कम्मासुद्धा.
उरते काच, पांढरी, म्हातारीच्या कापसासारखी,
श्वास लागला तरी हलणारी.
तराजूवर ठेवली.
तीस नव्हे, बावीस.
आठ टक्के कुणाच्या तरी खिशात.

देसूरकरसाहेब रिपोर्ट उलटा-सुलटा करून बघतात.
'ऑइल बाथ जुना आहे आपला, होतं इकडं-तिकडं.'
होतं. खरं तराजू नवा आहे.
'एवढी आठ टक्के काच. कोण बघायला येतंय बॉनेटखाली?'

बॉनेटखाली पंख्याभोवतीचं कडं असतं ते.
रात्री दोनला निघालेल्या टेम्पोत,
गोव्याला जाणारी कोबी, गाजरं, मिरच्या,
चोर्ल्याचा चढ, दुसरा गिअर,
इंजिनाची धग तासभर एकाच जागी;
आणि कडं पोस्टकार्डाएवढं
पंख्याच्या पात्याकडं झुकतंय.
पोस्टकार्डाएवढं. मग दोन पोस्टकार्डांएवढं.
ड्रायव्हर झोप येऊ नये म्हणून मिरची चावतोय.
हे मी साहेबांना बोलले नाही.
मला एवढं लांबलचक बोलता येत नाही त्यांच्यापुढं.
म्हटलं, उद्या परत करते, तुम्ही स्वतः उभं राहा.

उभे राहिले. इस्त्रीचा शर्ट, हातात चहा.
शंभर. एकशे वीस. चहा संपला.
एकशे चाळीसला त्यांनी घड्याळ बघितलं.
एकशे अठ्ठेचाळीस.
काटा थरथरला, की मलाच तसं वाटलं.
शिवानंद दारातून कुजबुजला, 'आय्तु?'
म्हणजे, झालं का?

अजून नाही.
पेनचं टोपण काढून ठेवलंय.